कडेची नजर

मधुमेही नवऱ्याच्या चहात बायको साखरेचा कणही पडू देत नसे. गेल्या वर्षापासून मात्र तो तिच्या शेजारीच बसून खुशाल चमचाभर टाकू लागला, तरी ती काही बोलेना. बाईसाहेब अखेर निवळल्या, असं तो धरून चालला. मग ती घरातल्याच दाराच्या चौकटीवर दोनदा आपटली, आणि तपासणीत कळलं की मेंदूच्या तळाशी गाठ आहे. गाठ नजरेच्या नसा दाबत होती. तिला समोरचं दिसे, दोन्ही बाजूंचं दिसत नसे.

"कवटी उघडायची नाही, नाकातून जाऊ," सर्जनबाई म्हणाल्या. "दोन्हीकडे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. मधली वाट सोडायची नाही, एवढंच."

"लग्न झाल्यापासून मी नाकासमोरच चालतोय," नवरा म्हणाला. "तुम्हालाही जमेल."

ऑपरेशननंतर काही दिवसांनी सर्जनबाईंनी तिला स्वतःच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि कडेला बोट हलवून बघण्यासाठी हात उचलला.

"बोट राहू द्या, डॉक्टर," नजर न हलवता ती म्हणाली. "ह्यांनी आत्ता चहात साखर टाकली."

डावीकडे बसलेल्या नवऱ्याने कप उचलला, पलंगाला वळसा घालून तो उजवीकडे गेला आणि अलगद आणखी एक चमचा टाकला.

"हा दुसरा," ती म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"अजिबात नाही," तो म्हणाला, आणि सगळा चहा बेसिनमध्ये ओतून आला.