खंदकातलं छप्पर

हरवलेल्या मेंढ्या शोधत ऑड्री आणि तिचा नवरा विल्फ्रेड इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या जुन्या गढीपाशी आले. गढीची आता एक भिंत आणि दाराची कमान तेवढी उरली होती.

खंदकाच्या पाण्यातल्या प्रतिबिंबात मात्र अख्खी गढी उभी होती. कोरीव खिडक्या, उंच धुराडी, घडीव दगडी छप्पर! ऑड्री भान हरपून बघत राहिली. "काय हात असतील बांधणाऱ्यांचे!"

"चार दगडांचं कसलं कौतुक गं?" हसत विल्फ्रेड कमानीकडे गेला.

पाण्यातलं दार उघडलं. पाण्यातल्या विल्फ्रेडनं अदबीनं टोपी काढली, तो आत गेला आणि दार लागलं.

तिनं मान वर केली. कमानीत कोणीच नव्हतं. पलीकडे मोकळ्या कुरणात मेंढ्या चरत होत्या.

"विल्फ्रेड!"

"अगं, वर ये ना!" त्याचा हरखलेला आवाज खंदकाच्या तळातून आला. "छप्पर बघ, केवढं देखणं आहे!"