न अडखळता

लॅपटॉपच्या पडद्यावर सून आली तेव्हा बायको पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचा प्रूफरीडर नवरा टेबलाशी होता. समोर कोरा कागद, टोक काढलेली पेन्सिल. सुनेच्या मागे भिंतीलगत बांधलेली खोकी दिसत होती. उद्या ती ते घर सोडणार होती. त्याच घरात आठ महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा गेला होता.

“विचारा,” बायको म्हणाली. “आधी तिला बरी आहेस का विचारा, मग ते.”

सुनेला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. फोनमधल्या यंत्राकडून विचारता आलं असतं. पण मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रानं सुनेचं रडणं भाषांतर करून दाखवलं होतं. ‘तुमचा मुलगा समाप्त झाला आहे,’ बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात. त्यानंतर बायकोनं फोनला हात लावला नाही. “तुम्ही शिका,” एवढंच म्हणाली. “तुम्हीच विचारा. शेवटी त्यानं माझं नाव घेतलं का, तेवढं कळू दे.”

तो शिकला. शिकवणीच्या बाईंनी जे जे सांगितलं ते ते त्यानं केलं. घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या डकवल्या. दाढी करताना स्पॅनिश बातम्या लावल्या. रोज दहा शब्द, आणि कालचे दहा पुन्हा. रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकत त्याच्या मागोमाग मोठ्यानं बोलायचं, थांबायचं नाही. “माझ्या कपाळावर तेवढी चिठ्ठी लावायची राहिलीय,” बायको म्हणायची. पण धूळ पुसताना तिनं एकही निघू दिली नाही.

आजचा प्रश्न त्यानं दोन महिने घोटला होता. शेवटी बाईच म्हणाल्या, “काका, बास आता. थोडं अडखळत बोला. अडखळणाऱ्याशी लोक हळू बोलतात.”

“म्हणजे चूक मुद्दाम ठेवायची?” त्यानं विचारलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून त्याचं पोट भरलं होतं.

आता त्यानं घसा साफ केला. सुनेची खुशाली विचारली. मग तो प्रश्न. शेवटच्या दिवशी तो कसा होता? काही बोलला का? एकही स्वर घसरला नाही. कागदाकडे बघावंही लागलं नाही.

सून बघतच राहिली. “किती छान बोलता तुम्ही,” ती म्हणाली. हे त्याला कळलं. बाई दर रविवारी हेच म्हणायच्या.

मग ती बोलायला लागली.

पहिलं वाक्य त्यानं जेमतेम पकडलं. दुसरं संपायच्या आत तिसरं आलं. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच राहिली. ओळखीचे शब्द मधूनच वर येत आणि बुडत. खिडकी. पाणी. खुर्ची. पुन्हा खिडकी. घरात ज्या ज्या वस्तूवर चिठ्ठी होती तेवढंच त्याला कळत होतं. खिडकी कुणी उघडली की लावून घेतली, पाणी त्यानं मागितलं की नको म्हणाला, हे कळत नव्हतं. एकदा ‘आई’ आली. कुणाची आई, त्याची की हिची स्वतःची, ते पुढच्या वाक्यात असावं. ते वाक्य निघून गेलं.

‘जरा हळू बोल’ हे तर बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यानं ते जिभेवर आणलंही. पण तोवर सून रडत होती. रडता रडताच बोलत होती, भरभर. आठ महिने तिला हे कुणी विचारलंच नसावं. त्या पोरीला मध्येच थांबवायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणायचं?

तो मान हलवत राहिला. योग्य जागी थांबत, योग्य जागी “हो, हो” म्हणत. सून आणखी मोकळी झाली. तिनं हातानं काहीतरी दाखवलं, उशी सरळ केल्यासारखं. मग डोळे पुसले आणि त्याचे आभार मानले. तेही त्याला कळलं. दोघांनी एकमेकांना जपायला सांगितलं. पडदा काळा झाला.

कागदावर पेन्सिलीचा एक ठिपका होता. त्यानं कागद पालथा घातला.

“अहो,” बायको म्हणाली. तिनं जागा सोडली नव्हती. “काय म्हणाली?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“त्रास झाला नाही त्याला. खिडकीशी खुर्चीत बसला होता. पाणी मागितलं.” तो थांबला. “तुझं नाव घेतलं.”

बायकोनं ते ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली,

“एवढंच? ती तर केवढं बोलत होती.”

“त्या भाषेत लांबतं,” तो म्हणाला.