राजपुत्राचा कान

बोटाच्या पेराएवढ्या हस्तिदंतावर चितारी तान्ह्या राजपुत्राचा चेहरा रंगवत होता. कानापाशी येताच त्याचा हात थबकला. मागच्याच महिन्यात त्याने सेनापतीचं चित्र केलं होतं. तोच टोकदार कान, तीच चिकटलेली पाळी.

"एवढ्याशा कानावर सकाळपासून काय खिळून बसलात?" बायकोने विचारलं.

"अगं, आहे तसा काढला, तर पाळण्यातल्या पोराचा जीव जाईल."

त्याने चित्रातल्या बाळाला राजासारखा कान काढला.

राजाने भिंगातून चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"हा तर माझा कान. पुसून टाक. बाळाचा जसा आहे, तसाच काढ."

चिताऱ्याने ओल्या बोळ्याने कान पुसला.



"आणि मग माझ्या सगळ्या चित्रांतले कान त्याच्यासारखे कर."