कांद्याचा वास

साक्रीच्या बाजारात मी घडीचा चाकू घेतला. पाते फार ताठ होते. "भाऊ, त्याले तुमना हातनी सवय होऊ द्या," विक्रेता म्हणाला.

ती सवय लागावी म्हणून मी रोज एक पेरू कापू लागलो. लवकरच पात्याला ओल्या कांद्याचा वास येऊ लागला. आमचे घर जैन. तेथे कांदा येत नाही.

पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, असे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना बजावतो. तरी पत्नीला विचारलेच, "विधी, या चाकूने कांदा कोणासाठी चिरतेस?"

"अहो, चाकू तुमच्या खिशात. चोर तुम्हीच!" ती हसली.

मी हसलो नाही. माझ्यासाठी तिने मिठाचा खडाही कधी जास्त टाकला नव्हता. त्या कोणासाठी मात्र ती व्रत मोडत होती. त्या भाग्यवंताचे मला नावही ठाऊक नव्हते.

आज दुपारी आम्ही जेवायला बसलो, तेव्हा चाकू माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. समोर विधी, दोन्ही हात टेबलावर. खिशात पाते आपणहून खट्कन उघडले आणि छातीशी सावकाश चिरण्याचा आवाज सुरू झाला.

विधीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

"झालंच हं, राजा," ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली.