मधला पुठ्ठा

"काका, तुम्ही बाबांना डिवचलंय! कोयता घेऊन उठलेत ते!" शेजारच्या प्रयूनची मुलगी मालाई माझ्या अंगणात येऊन किंचाळली.

मी झुंजीच्या माशांच्या बरण्या फळीवर मांडत होतो. "खरं तेच बोललो," मी म्हटलं. "पेट्चबुरीच्या झुंजीत तुझ्या बापाचा मासा शेपूट घालून पळाला. बापही तसलाच."

"हे खिडकीशी येऊन ओरडायचं?"

"तू पडदा लावून घेतलास. मग ओरडावंच लागतं."

"माणूस आहात का तुम्ही? आई गेल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. पेजसुद्धा तोंडाला लावत नाहीत. आणि तुम्ही रोज सकाळी येऊन त्यांना शिव्या घालता!"

मी फळीकडे वळलो. शेवटच्या बरणीतला मासा चार दिवस तळाशी निपचित पडून होता. शेजारच्या बरणीतला मासा त्याला दिसू नये म्हणून मधे पुठ्ठा उभा केलेला होता. मी तो काढून घेतला. समोर वैरी दिसताच मासा कल्ले फुगवून सरसर वर आला. मालाई बघतच राहिली.

तेवढ्यात कुंपणापाशी प्रयून दिसला. पाय लटपटत होते, पण कोयता घट्ट धरलेला.

"ये इकडे, हरामखोरा!"

"आधी भात खाऊन ये," मी तिथूनच ओरडलो. "उपाशी माणसाशी मी भांडत नाही."