बाहेरून कुलूप

"आई, बाहेरून कुलूप लावा आणि शेजारी जाऊन बसा," सुनेने सासूला सांगितलं. आज बचत गटाच्या कर्जाचा हप्ता होता, आणि शिवणाची गिऱ्हाइकं महिनाभर फिरकली नव्हती. एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्यांनी भरायचा, असा नियम. कर्जातून घेतलेल्या शिलाई मशीनला टेकून ती श्वास रोखून बसली. गटातल्या बायका दारात आल्या. "कुलूप! पळाली बया," भाजीवाली करवादली. "काहीतरीच काय!" चहावालीचा आवाज चढला. "मी आजारी होते तेव्हा माझा हप्ता तिनेच भरला. तोंड लपवणाऱ्यातली नाही ती. पैशांसाठी वणवण करत असेल बिचारी. तिचा हप्ता मी भरते, उद्याच्या दुधाचे पैसे आहेत." आत तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आतून दार वाजवलं. आवाज ऐकून शेजारून सासू किल्ली घेऊन आली.