चांदीचा डाख

रेल्वेतून रिटायर झालेले जीवरामआबा असोद्याच्या घरी, ओसरीवर बसून, हातभर लांबीचं इंजिन बनवत होते. खरोखर वाफेवर धावणारं. कुठला भाग कशाने जोडायचा, यात मात्र त्यांची घाई कधीच नसायची. चाकं पुढेमागे काढावी लागतील, म्हणून तिथे स्क्रू. बॉयलरला मात्र चांदीचाच डाख, कारण साधा कथलाचा डाख आगीपुढे टिकत नाही.

"कशाला काय सोसायचंय, ते आधी बघायचं," ते लेकीला, चारुलताला समजावत होते. "मग जोडायचं."

चारुलताचं धुळ्याचं स्थळ त्यांनी चहा संपायच्या आत पक्कं केलं होतं. दिवाळीला माहेरी आलेली ती अजून परत गेली नव्हती. का, ते तिने दोनदा सांगून पाहिलं होतं.

"उद्या सकाळच्या गाडीने तुला धुळ्याला सोडून येतो," आबा बॉयलरवरची नजर न काढता म्हणाले. "संसारात थोडी धग लागतेच, बेटा."

मग त्यांनी डबी उघडली आणि चुकचुकले. "घ्या. शेवटचा जोड राहिला आणि चांदी संपली. आता जळगावला सराफाकडे जाणं आलं."

चारुलता खाली बसली. पायातली जोडवी एकेक करून काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.


"ही वितळवा, आबा. निदान बॉयलरचा जोड तरी टिकेल."